रिकाम्या शाळेची बाई

प्रवरेच्या पाटावरच्या त्या गावात मी गेले तेव्हा माझं वय वीस होतं. लग्नाला एक वर्ष झालं होतं आणि नवरा लढाईवर होता. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. तो लष्करी दवाखान्यात जखमा बांधायच्या कामावर होता, आसामच्या पलीकडे कुठंतरी. मी नगरला शिकून मास्तरीण झाले होते, आणि मिशननं मला ह्या गावची शाळा दिली. शाळा म्हणजे महारवाड्याच्या कडेला एक धाब्याची खोली, पुढं ओटा, आणि कडुलिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो वाजवला की घंटा झाली. मागं आणखी एक लहान खोली होती. तिच्यात मी आणि माझी सासू राहायचो. सासूला मी आत्याबाई म्हणायचे.

आत्याबाईंनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला होता. त्या दिवसापासून माहेरचं दार त्यांना बंद झालं. बाप वारला तेव्हा त्या सात कोस चालत गेल्या, आणि भावांनी त्यांना वेशीवरूनच परत लावलं. हे त्या फार क्वचित सांगायच्या, आणि सांगितलं तरी रडत नसत. "मी दुरून बघितलं बापाला," म्हणायच्या, "दुरून बी बाप बापासारखाच दिसतो."

पहिल्या दिवशी शाळेत अकरा मुलं आली. मी त्यांची नावं हजेरीत लिहिली, त्यांच्याकडून 'अ' काढून घेतला, एक गाणं शिकवलं. सकाळी शाळा उघडताना मी डोळे मिटून दोन मिनिटं प्रार्थना म्हणायचे. मुलांना म्हणायला लावत नसे. ती नुसती बघत बसायची, एखादं हसायचं. पंधरा दिवस असे गेले.

मग एका सकाळी घंटा दिली आणि कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी महारवाड्यात गेले, तर एका बाईनं दारातूनच हात जोडले. "बाई, रागावू नका. चावडीवर ठरलंय. किरिस्तावाच्या शाळत पोरं घातली तर गावात काम न्हाई. आमी काय खावं?"

चावडीवर ठरवणारे बरेच होते, पण बोलणारा एकच होता. तो पूर्वी नगरच्या कचेरीत कारकून होता आणि म्हातारपणी गावी परतला होता. सगळे त्याला कारकूनकाका म्हणत. पाटाच्या पाण्यामुळं गावात ऊस होता, गूळ होता, पण लिहिता-वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतही काकांचा शब्द शेवटचा. गावातली कितीतरी पोरं फौजेत गेलेली. त्यांची पत्रं आली की काकांच्या ओसरीवर जायची, आणि काका चष्मा लावून ती वाचून दाखवायचे.

गावाला माझ्या प्रार्थनेचा राग होता, पण त्याहून जास्त माझ्या कपाळाचा होता. मी कुंकू लावत नसे. गळ्यात मंगळसूत्र, हातात काकणं, आणि कपाळ मोकळं. आमच्या घरची तशीच रीत होती. पण गावाच्या डोळ्यांना ते विधवेचं कपाळ. नवरा लढाईवर असताना जी बाई स्वतःहून पांढरं कपाळ घेऊन हिंडते, तिचं तोंड सकाळी कोण बघणार? मी पाटावर धुणं घेऊन गेले की बायका आपली धुणी उचलून वरच्या अंगाला सरकायच्या. ज्यांचे नवरे फौजेत होते त्या पदर ओढून मान फिरवायच्या. गावच्या विहिरीवर तर मला जाताच येत नव्हतं. ते कपाळामुळं नव्हे, जातीमुळं. किरिस्ताव झालो म्हणून गावानं आमची जात सोडली नव्हती.

एक दिवस कारकूनकाका स्वतः शाळेपाशी आले. ओट्यावर चढले नाहीत, लिंबाखाली उभे राहिले. बोलणं मात्र सभ्य होतं.

"हे बघ, तू शिकलेली आहेस, मलाही कळतं. गावातल्या पोरींना दोन अक्षरं आली तर मला नको आहे का? दोनच गोष्टी कर. कपाळाला कुंकू लाव, आणि ती सकाळची प्रार्थना बंद कर. घरात काय करायचं ते कर. उद्यापासून पोरं पाठवतो, पाटलांच्या घरातली सुद्धा."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला मोह झाला. बोटभर कुंकू. कोण विचारणार होतं? पण दारात आत्याबाई उभ्या होत्या. मला एकदम त्यांची ती वेस आठवली. एवढं सोसून ज्या बाईनं काही लपवलं नाही, तिच्यासमोर मी काय लपवणार होते?

"काका," मी म्हणाले, "प्रार्थना मी कुणावर लादत नाही. पण मी कोण आहे हे झाकून मुलांसमोर उभी राहिले, तर त्यांना मी पहिली गोष्ट खोटीच शिकवीन."

त्यांचा चेहरा कडक झाला. "मग बस भिंतींना शिकवत," म्हणाले आणि गेले.

मी खरोखरच भिंतींना शिकवत बसले. नोकरीची वेळ अकरा ते पाच. मी घंटा द्यायचे, प्रार्थना म्हणायचे, हजेरी उघडून अकरा नावं मोठ्यानं पुकारायचे आणि प्रत्येकापुढं 'गैरहजर' लिहायचे. मग दार सताड उघडं ठेवून फळ्यावर धडा लिहायचे आणि मोठ्यानं वाचायचे. रस्त्यानं जाणारे थांबून हसायचे. "रिकाम्या शाळेची बाई" हे नाव तेव्हाच पडलं. बाजाराला चाललेल्या गाड्यांतली माणसं बोट दाखवून एकमेकांना सांगायची, ती बघा रिकाम्या शाळेची बाई.

महिना झाला, दीड महिना झाला. एके दिवशी हजेरी पुकारताना पाचव्या नावाला माझा आवाज फुटला. वही तोंडावर धरून मी रडायला लागले. मागच्या खोलीत आत्याबाई भांडी घाशीत होत्या. त्या राखेच्या हातांनीच आल्या, जमिनीवर मुलांच्या जागेवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "हजर."

मी हसले. रडता रडताच हसले.

"हसती काय? शिकव. साठी आली माझी, अजून स्वतःचं नाव लिवाया येत न्हाई."

त्या दिवसापासून माझ्या शाळेचा पट एक झाला.

पण राग माझ्यात होताच. प्रार्थनेत मी देवाशी भांडायचे. म्हणायचे, तुझ्यासाठी मी हे सोसते आहे आणि तू नुसता बघतोस. एकदा आत्याबाईंनी ते ऐकलं. त्यांनी मला उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "त्याला काय मान देऊन हार घातला हुता का लोकांनी? थुकलेच की त्याच्यावर. त्यो कुटं क्रुसावरनं उतरून गेला?" आणि पुन्हा पाटीवर 'ग' काढायला लागल्या. त्यांचा 'ग' कायम उलटा यायचा.

मिशनचे पाळकसाहेब तपासणीला आले, रिकामी खोली बघितली, पाटी घेऊन बसलेल्या आत्याबाई बघितल्या आणि सुस्कारा टाकला. माणूस दयाळू होता. "पोरी, नगरच्या बोर्डिंगात जागा आहे. तिथं तुझी गरज आहे. इथं कशाला अपमान सोसत बसतेस?"

"मला नाताळपर्यंत राहू द्या," मी म्हणाले.

"आणि नाताळपर्यंत कुणी आलं नाही तर?"

मी हजेरीची वही उघडून अकरा नावं त्यांच्यापुढं धरली. ते म्हणाले, बरं, नाताळपर्यंत.

ते गेले त्याच आठवड्यात सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या भिंतीवर कोळशानं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं. 'बाठगी.' म्हणजे बाटलेली, धर्म सोडलेली. आमच्याकडं किरिस्ताव माणसाला ह्यापरती शिवी नव्हती. शेजारी शेणाचा गोळा मारलेला. मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले, आणि माझ्यातली मास्तरीण आडवी आली. शिवीतही शुद्धलेखन चुकलं होतं. मी आत जाऊन खडू आणला आणि 'ठ' चा 'ट' केला. मग मात्र मला पुसवेना. शेण धुतलं आणि शब्द तसाच ठेवला. लिहिणारा कोण, हे मला कधीच कळलं नाही.

चार-पाच दिवसांनी दुपारी भिंतीपाशी एक बाई थांबलेली दिसली. माझ्याच वयाची, डोक्यावर वैरणीचा भारा. तिला मी ओळखत होते. पाटाकडच्या चिंचेखालच्या घरची सून. तिचा नवरा फौजेत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. धुण्याच्या वेळी मला बघून मान फिरवणाऱ्यांतली ती एक. पण गेले कित्येक दिवस ती ह्याच वेळेला ह्याच रस्त्यानं जायची, आणि माझं वाचन चालू असलं की तिची पावलं मंद व्हायची, हेही माझ्या ध्यानात आलं होतं.

"बाई, हितं काय लिवलंय?" तिनं भिंतीकडं बघत विचारलं.

"मला दिलेली शिवी आहे," मी म्हणाले. "बाटगी."

ती गोरीमोरी झाली. "मग पुसली का न्हाई?"

"अक्षरं चांगली मोठी आहेत. शिकायला बरी. हे बघ, हा 'ब'. बाजरीतला 'ब'. हा 'ट'. पाटातला 'ट'. आणि हा 'ग'. गुळातला 'ग'."

ती भारा डोक्यावर घेऊनच उभी होती. इकडं तिकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. मग पायाच्या अंगठ्यानं तिनं धुळीत 'ट' काढला. सरळ, पहिल्याच फटक्यात. आणि स्वतःच चकित होऊन त्याच्याकडं बघत राहिली.

"का शिकायचंय तुला?" मी विचारलं.

"त्यांची पत्रं येत्यात," ती म्हणाली. "काका वाचून दावत्यात. समद्या ओसरीम्होरं. मला वाटतं, येकदा मीच वाचावं. माझं मीच."

नवऱ्याच्या पत्राची वाट बघणं काय असतं हे मला सांगायला नको होतं. माझीही पत्रं दोन-दोन महिन्यांनी यायची, अर्ध्या ओळींवर सरकारनं काळी शाई फासलेली. मी तिला म्हणाले, "रोज ये. भारा उतरवून मागच्या खोलीत बसायचं. कुणाला दिसणार नाही."

ती रोज आली. पाऊण तास, कधी अर्धा तास. घरी सांगायची, वैरण लांबून आणावी लागते. आत्याबाईंच्या शेजारी बसून ती शिकली, आणि आत्याबाईंचा 'ग' सुलटा व्हायच्या आत तिला जोडाक्षरं आली. माझ्या हातचं पाणी मात्र ती प्यायची नाही. मीही कधी पुढं केलं नाही.

मार्गशीर्षात, नाताळला थोडे दिवस उरले असताना, ती एका फडक्यात बांधलेली पाच पत्रं घेऊन आली. काकांनी वाचून दिल्यावर ती तिनं कपड्यांच्या पेटीत जपून ठेवली होती. त्यांत काय आहे ते तिला पाठ होतं: मी खुशाल आहे, काळजी नसावी, थोरल्यांना नमस्कार. आज ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं म्हणून ती सणाला नेसावं तसं धुवट लुगडं नेसून आली होती.

तिनं वरचं पत्र उघडलं. बाळबोध अक्षर, मोठं आणि स्वच्छ. कुणा सोबत्याकडून लिहवून घेतलेलं असावं. ती बोट ठेवून वाचायला लागली, थांबली आणि म्हणाली, "बाई, ह्यात 'पाय' का लिवलंय?"

मी तिच्या शेजारी बसले. पत्र हातात घ्यावंसं वाटलं, पण घेतलं नाही. ते तिचं होतं. अक्षर अक्षर लावत तिनंच वाचलं. उजवा पाय गुडघ्याखाली कापला आहे. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आणलं आहे. लाकडी पाय बसवणार आहेत. दुसऱ्या पत्रात, आईला नाहीतर बाबांना पाठवा. तिसऱ्यात, चौथ्यात पुन्हा तेच. शेवटच्या पत्रात, चार पत्रं टाकली, कुणी आलं नाही. पाय गेला म्हणून मी तुम्हाला नकोसा झालो का? तसं असेल तर तसं कळवा, मी गावी येत नाही.

तिनं पत्राची घडी होती तशी घातली, पाचही पत्रं फडक्यात बांधली आणि वैरणीचा भारा तिथंच टाकून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा द्यायला बाहेर आले तर समोरून माणसं येत होती. पुढं कारकूनकाका, त्यांच्याबरोबर तिचा सासरा, मागं वीस-पंचवीस बाया-बाप्ये.

"घराची राखरांगोळी केलीस!" काका लांबूनच ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुला शिकवायला? चोरून पोरीबाळी फितवतेस?"

सासरा हात जोडल्यासारखा, रागावल्यासारखा, दोन्ही करत होता. "माज्या घरच्या म्हातारीचं काळीज लई कमजोर हाय, बाई. मीच सांगितलं हुतं काकांना, वंगाळ काय असंल तर वाचू नका म्हनून. आता सूनबाई रातभर भितीला टेकून बसलीया. काय करू मी?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पांढऱ्या कपाळाची सावली पडली, दुसरं काय हुनार?" आणि एक ढेकूळ येऊन माझ्या खांद्यावर फुटलं. फार लागलं नाही, पण लुगड्यावर माती पसरली. काका पुढं आले आणि माझ्या पायांपाशी थुंकले.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. खोटं तुम्ही वाचलंत आणि थुंकता माझ्यावर? पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मला दिसलं की माणूस घाबरलेला आहे. त्यानं दयेपोटी एक खोटं वाचलं, मग ते झाकायला दुसरं, मग तिसरं. मी गप्प राहिले. ते गप्प राहणं भीतीचं नव्हतं. एवढी माणसं माझ्यावर धावून आलेली, आणि माझे पाय जमिनीत रोवल्यासारखे घट्ट होते. माझ्या मागं आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. चिंचेखालची म्हातारी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून येत होती. जिच्या कमजोर काळजासाठी हे सगळं झालं ती. धापा टाकत ती माझ्या ओट्यावर चढली. गावातलं वरच्या जातीच्या घरचं माणूस त्या ओट्यावर पहिल्यांदाच चढत होतं. ती खाली बसली.

"वाच," तिनं सुनेला सांगितलं.

"सासूबाई, पर—"

"वाच म्हनते ना! समदी वाच. समद्यांम्होरं."

आणि तिनं वाचलं. उभं राहून, अडखळत, पण मोठ्यानं. त्या गावात एका सुनेनं चारचौघांत पत्र वाचण्याची ती पहिलीच वेळ असावी. 'मी तुम्हाला नकोसा झालो का' ह्या ओळीला ती थांबली, श्वास घेतला आणि ओळ पुरी केली.

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. मग नवऱ्याकडं बघितलं. "माझा ल्योक जित्ता हाय न्हवं?"

"हाय."

"मग माझं काळीज कशानं फुटंल? पाय गेला, ल्योक न्हाई गेला. तिकडं पोर वाट बघतंय आन् तुमी मला खुशाल हाय, खुशाल हाय म्हनून सांगताय! जुपा गाडी."

काका खाली बघत होते. सासरा म्हणाला, "जुपतो. पर पुन्याला जायाचं कसं? मी राहुरीच्या बाजाराच्या पल्याड गेल्तो कवा? त्यो लष्कराचा दवाखाना, तितं सायेब लोक. कुनाला काय इचारावं?"

म्हातारी माझ्याकडं वळली. माझ्या मातीनं भरलेल्या खांद्याकडं तिनं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

"बाई, तुला विंग्रजी येतंया?"

"थोडं येतं."

"पुनं बघितलंय?"

"दोनदा."

"मग चल आमच्या संगं."

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या आधीच माझं दुसरं लुगडं काढायला आत गेल्या होत्या.

गाडी शाळेपुढंच आली. म्हातारी आणि सून आत बसल्या. मी मागून चालायच्या तयारीनं उभी होते, तशीच आमची सवय. म्हातारी म्हणाली, "वर बस." मी चढले. सासऱ्यानं कासरा धरला तेवढ्यात तिनं त्याला थांबवलं.

"थांबा जरा. बाई, तू रोज सकाळच्याला म्हनती ना, डोळं मिटून? ती म्हन. मग गाडी हाका."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ज्या दोन मिनिटांसाठी शाळा ओस पडली होती, तीच दोन मिनिटं ती माझ्याकडं मागत होती, भर गावासमोर. मी डोळे मिटले. काय म्हणाले ते पुरतं आठवत नाही. दूर असलेल्या आमच्या माणसांना सांभाळ, त्यांना एकटं वाटू देऊ नकोस, आम्हाला त्यांच्यापर्यंत पोचव, असं काहीतरी. माझ्या नवऱ्याचाही चेहरा त्यात होता. डोळे उघडले तर गावातल्या बायकांचे हात जोडलेले होते. ज्यांचे नवरे लढाईवर होते त्या सगळ्या पुढं येऊन उभ्या होत्या, आणि एकीनंही पदर ओढून मान फिरवली नव्हती. गाडी बेलापूरच्या स्टेशनाकडं निघाली.

दौंडला गाडी बदलायची होती. तिथं फलाटावर म्हातारीनं भाकरीचं गाठोडं सोडलं, चौघांना वाटून दिलं. सगळ्यांना ठसका लागला, आणि पाण्याचा तांब्या भरून मी आणलेला. म्हातारीनं तांब्याकडं बघितलं. थोडा वेळ बघितलं, हेही सांगितलं पाहिजे. मग उचलला, वरून घटाघटा प्यायली आणि सुनेपुढं केला.

दवाखान्याच्या फाटकावर शिपायानं अडवलं. मी मोडक्या इंग्रजीत कुणाला भेटायचं ते सांगितलं. त्यानं हिंदीत विचारलं, हे सगळे नातेवाईक का? म्हातारीनं माझा दंड धरला आणि सांगितलं, "व्हय, ही बी आमचीच."

तो व्हरांड्यात बाकावर बसला होता. निळे कपडे, बाजूला कुबड्या. आम्हाला बघून उठायला गेला आणि त्याचा तोल गेला. त्याच्या आईनं त्याला धरलं. मग त्यानं बायकोकडं बघून विचारलं, "येवढी पत्रं धाडली. कुनीच कसं आलं न्हाई?"

"आमाला वाचाया येत न्हवतं," ती म्हणाली. "आता येतंय."

आम्ही परतलो तेव्हा नाताळला दोन दिवस राहिले होते. आत्याबाईंनी बांबूच्या कामट्यांचा तारा करून लिंबाला टांगला होता. नाताळच्या दुपारी चिंचेखालच्या घरातून नव्या गुळाची ढेप आली. सुनेनं ती स्वतः आणली, पुढच्या दारानं, दिवसाढवळ्या.

शाळा पुन्हा उघडली त्या सकाळी घंटा दिली आणि मी आत जाऊन हजेरीची वही उघडली. पहिलं नाव पुकारलं आणि बाहेरून आवाज आला, "हजर!" अकराच्या अकरा आली होती. त्यांच्या मागं चिंचेखालची सून चार मुलींना हाताला धरून उभी होती, तिच्या पुतण्या आणि शेजारच्या. दुपारच्या वेळेला फौजी नवऱ्यांच्या बायका आल्या, सात जणी. त्या आठवड्यातच एक नऊ-दहा वर्षांची मुलगी नवी पाटी घेऊन दारात आली. तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या. मी विचारलं, कुणाची गं तू? ती कारकूनकाकांची नात होती. काकांनी माझ्याशी पुढं कधी बोलणं केलं नाही, माफीही मागितली नाही. पण पत्रं वाचणं त्यांनी सोडलं आणि नातीला एक दिवसही घरी ठेवलं नाही. मला तेवढं पुष्कळ होतं.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. गावच्या विहिरीचं पाणी मी त्या गावात असेपर्यंत मला मिळालं नाही. चिंचेखालचं घर किरिस्ताव झालं नाही आणि मीही त्यांना तसं कधी म्हटलं नाही. पण सकाळची प्रार्थना मी तशीच म्हणत राहिले, मोकळ्या कपाळानं, आणि त्या वेळेला पोरं आपणहून गप्प बसायची. लढाई संपली आणि माझा नवरा धडधाकट परत आला. बेलापूरला उतरून त्यानं गावाची वाट विचारली, तर एक लाकडी पायाचा फौजी त्याला गाडीत घालून थेट शाळेच्या ओट्यापाशी घेऊन आला.

त्याआधी, त्या उन्हाळ्यातच, पाळकसाहेब पुन्हा तपासणीला आले होते. त्यांना बसायला जागा मिळेना. मुलं ओट्यावर सांडली होती, लिंबाखाली बसली होती. आत बायकांचा वर्ग चालला होता, आणि चिंचेखालची म्हातारी आत्याबाईंच्या मांडीला मांडी लावून बसली होती. आत्याबाई तिला 'ग' शिकवत होत्या. पाळकसाहेब दारातच उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली, घाम पुसला आणि जरा वेळानं हसून मला म्हणाले, "नगरच्या बोर्डिंगातली जागा अजून रिकामी आहे. काय करायचं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी पाटी खाली ठेवली.

"आता कसं यायचं, सायेब?" त्या म्हणाल्या. "ही समदी उन्हात बसत्यात. तुमी पहिलं म्होरं येक छप्पर घालून द्या."